‘आज फाटली काय गो?’ : नेफ्रॉटिक सिंड्रोम, सकाळची वाटी आणि एका मुलाची शू-शी

ऑगस्टचा पहिला आठवडा. रात्रभर कोसळून पाऊस सकाळी जरा दम खात होता, तेवढ्यात कुडाळजवळच्या एका गावातून आई आणि आजी अडीच वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आल्या. आईने एका दमात सांगितलं, "सकाळी उठल्यापासून दोन-दोन तास शू करत नाही. वाटी दिसली की पाय आवळून घेतो. आणि शी तर चार-चार दिवस नाही." आजीने मागून जोडलं, "आदी सगळा सांगायचो हो!"

मुलाला इथे बाबू म्हणते. तळकोकणात निम्म्या घरांत एक तरी बाबू असतोच, त्यामुळे ओळख पटायची भीती नाही. बाकीचेही ओळखीचे तपशील बदलले आहेत. बाबू मला नवा नव्हता. तीन महिने मीच त्याच्यावर उपचार करत होते. म्हणजे या प्रकरणातली पहिली चूक कुणाची, हे शोधायला मला लांब जावं लागलं नाही. पण ते पुढे.

एप्रिलच्या शेवटी, ऐन आंब्याच्या दिवसांत, बाबूचे डोळे सकाळी सुजलेले दिसायला लागले. दुपारपर्यंत सूज उतरायची. घरच्यांनी आधी चिलटांना दोष दिला, मग आंब्याच्या उष्णतेला. आठवड्याभरात पाय सुजले, पोट तट्ट झालं आणि चड्डीच्या इलॅस्टिकचा वळ कमरेवर खोल उमटायला लागला. लघवीत प्रथिन चार प्लस, म्हणजे मोजणीतली सगळ्यात वरची पायरी. नेफ्रॉटिक सिंड्रोम. मूत्रपिंडाची गाळणी जाळी सैल झाल्यासारखी वागते, रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन लघवीतून वाहून जातं आणि रक्तातलं पाणी बाहेर पेशींच्या मधल्या जागेत साठतं. साधारण दोन ते सहा वर्षांच्या मुलांत हा आजार जास्त, मुलींपेक्षा मुलग्यांत जास्त. शंभरातली ८५ ते ९० मुलं स्टेरॉइडला चांगली दाद देतात. पण बऱ्याच मुलांना तो परत परत उलटतो, कधी नुसत्या सर्दीचं निमित्त होऊन.

इंडियन सोसायटी ऑफ पीडिॲट्रिक नेफ्रॉलॉजीच्या २०२१च्या मार्गदर्शनानुसार पहिल्या वेळी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड १२ आठवडे द्यायचं असतं: सहा आठवडे रोज, किलोमागे २ मिलिग्रॅम, आणि पुढचे सहा आठवडे दिवसाआड, किलोमागे दीड. सूज उतरल्यावर बाबूचं वजन १२ किलो भरलं, म्हणजे रोजचे २४ मिलिग्रॅम आणि मग दिवसाआड १८. पहिले चार दिवस तो ॲडमिट होता, सूज उतरवायला फ्युरोसेमाइड हे लघवी वाढवणारं औषध चालू होतं. ज्यांनी हे औषध चालू असलेलं मूल सांभाळलंय त्यांना सांगायला नको. दर वीस मिनिटांनी शू. डायपर परत आला, आणि तो बरोबरच होता.

परत आला म्हणते, कारण आजाराआधी बाबूचं बरंचसं झालेलं होतं. आजीने त्याला सहा महिन्यांचा असल्यापासून पायांवर बसवला होता. खाली बसून दोन्ही पाय पसरायचे, पावलं जवळ घेऊन त्यावर बाळाला बसवायचं आणि तोंडाने ‘श्श्श’. दोन वर्षांचा होईपर्यंत दिवसा तो ‘शू इली’ असं सांगायला लागला होता. मग आजोबांनी पुढची पायरी घेतली. सकाळी अंगणात नेऊन माडाच्या आळ्यात उभं करायचं. बाबूला ते फार आवडायचं. माड आपण शिंपतो, असाच त्याचा समज होता, आणि आजोबांनी तो मोडला नव्हता.

आता इथे शहाणपण शिकवायचा मोह होतो. टी. बेरी ब्रॅझल्टन या अमेरिकी बालरोगतज्ज्ञाने १९६२ साली ११७० मुलांच्या नोंदींवरून मांडलं की मुलाची तयारी दिसल्यावरच सुरुवात करावी. त्या मुलांचं दिवसाचं शू-शीचं शिकणं सरासरी साडेअठ्ठाविसाव्या महिन्यात पुरं झालं होतं. आम्ही डॉक्टर हेच सांगतो. आजीला मी तेच सांगायला गेले, तर ती म्हणाली, "मगे माजे पाय काय वायट होते?" नव्हते. आजीच्या पद्धतीत वेळ मोठ्या माणसाने ओळखायची असते, आमच्या पद्धतीत मुलाने. बाबूच्या बाबतीत दोन्ही जुळून आलं होतं. बिघडवलं ते आजाराने, आणि आजारापेक्षा जास्त आमच्या तपासणीने.

घरी लघवी तपासायला मी आईला शिकवलं होतं. उकळून बघायची जुनी पद्धत, कारण पट्ट्या महाग आणि कोकणच्या दमट हवेत बाटलीचं झाकण जरा सैल राहिलं की पट्टी खराब होते, खोटं दाखवते. काचेची टेस्ट ट्यूब पाऊण भरायची, चिमट्यात तिरकी धरायची आणि गॅसच्या बारीक आचेवर फक्त वरचा भाग तापवायचा. वरचा भाग गढुळला तर दोन-तीन थेंब पांढरं व्हिनेगर घालायचं. गढूळपणा विरला तर ते फॉस्फेट, काळजी नाही. राहिला तर प्रथिन. आईने दुकानात जाऊन ‘चायनीजमध्ये घालतात ते व्हिनेगर’ आणलं. तपासणी ती माझ्यापेक्षा नीट करायची. स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं होतं, त्याच्यासमोर नळी धरायची. नळीतून तारखेचा आकडा स्वच्छ दिसला तर निल. आकडा धुरकट झाला की एक, दोन. आकडा गेला आणि नळीत दूध फाटल्यासारखे गोळे उतरले की चार. निकाल त्याच तारखेच्या चौकटीत, दुधाच्या हिशेबाशेजारी.

दूध फाटल्यासारखं. शब्द तिथून आला. पहिल्याच आठवड्यात आजोबांनी विचारलं, "आज फाटली काय गो?" आणि घरात तो शब्द रुळला. फाटली म्हणजे वाईट, नाय फाटली म्हणजे चांगलं. दहाव्या दिवशी लघवी स्वच्छ झाली. सलग तीन दिवस निल, म्हणजे आजार आटोक्यात आला. त्या दिवशी घरात टाळ्या वाजल्या, आजीने देवापुढे साखर ठेवली. गोव्यात हॉटेलात नोकरी करणारे वडील व्हिडिओ कॉलवर म्हणाले, "शाब्बास बाबू!"

बाबूने काय केलं होतं? शू केली होती.

हे सगळं मला ऑगस्टमधल्या त्या सकाळी कळलं, तेही योगायोगाने. तपासणीच्या टेबलावर त्याचं पोट दाबून बघत होते. डाव्या बाजूला खाली घट्ट शीचे गोळे हाताला लागत होते. मी आईला म्हटलं, आता जरा शू घ्या, तपासून बघू. बाबू टेबलावरून माझ्याकडे बघून म्हणाला, "माजी शू फाटली?"

आई एकदम गप्प झाली. आजी पदराने तोंड पुसायला लागली.

मग एकेक बाहेर आलं. रोज पहाटे साडेपाचला, मूल अर्धवट झोपेत असतानाच डायपर सोडायचा. आई स्टीलची वाटी धरायची, आजी ‘श्श्श’ करायची, कधी नळ सोडायचे, आजोबांच्या हातात टॉर्च. तीन मोठी माणसं आणि एक वाटी. मूल पाय आवळून उभं. अर्ध्या तासाने आई रडकुंडीला यायची, आजोबा बाहेर निघून जायचे. वाटी ठेवून दिली की दहा मिनिटांत बाबू पडवीत उभ्या उभ्या सगळं सोडून द्यायचा. एकदा आईने जमिनीवरची शू कापसाने टिपायचा प्रयत्न केला, शेणाने सारवलेल्या पडवीतली. ती नळीत गढूळच दिसणार. त्या दिवशी तिने घाबरून मला फोन केला होता, ते मला आठवलं. मी तेव्हा म्हटलं होतं, "अहो, नीट वाटीत घ्या ना."

आता माझी चूक. मे महिन्यात मी सांगितलं होतं, रोज सकाळची पहिली लघवी तपासा. ते तेव्हासाठी बरोबर होतं. आजार उलटलेला असताना, सर्दी-ताप असताना, डोळ्यांवर जराशी सूज वाटली तरी रोज बघायचीच. पण एकदा लघवी स्वच्छ झाली की आठवड्यातून दोन-तीनदा पुरते. हे मी सांगितलंच नाही. तीन महिन्यांत पाच वेळा भेट झाली, दर वेळी कालनिर्णयचं पान बघून ‘छान नोंदी ठेवता’ म्हणत राहिले. त्या पानावर ओळीने जवळपास ८० दिवस ‘निल’ लिहिलेलं होतं, त्यातल्या निम्म्याहून जास्त सकाळी बाबूला उगाच उठवलं गेलं होतं. आई कधी म्हणाली नाही की रोज जमत नाही. डॉक्टरने रोज सांगितलं म्हणजे रोज.

तरी ‘मनावर घेतलंय, बाकी काही नाही’ असं म्हणून मोकळं होता येत नाही, या आजारात तर नाहीच. स्टेरॉइड घेतलेल्या मुलाला जंतुसंसर्ग चटकन होतो आणि त्याची लक्षणं दबून राहतात. शू करताना जळजळ असेल म्हणूनही मूल धरून ठेवतं. म्हणून आधी लघवीचं कल्चर केलं, म्हणजे जंतू आहेत का ते बघितलं; ते स्वच्छ आलं. ताप नव्हता, पोट मऊ होतं, गोळे सोडले तर. नेफ्रॉटिकच्या मुलाला ताप आणि पोटात सतत दुखणं एकत्र दिसलं तर पॉटचं भांडण बाजूला ठेवून ताबडतोब मोठं हॉस्पिटल गाठायचं, कारण पोटाच्या आवरणाला जंतुसंसर्ग होण्याचा धोका या मुलांना असतो. आईला हे मी त्या दिवशी कागदावर लिहून दिलं. तोंडी सांगितलेल्या गोष्टींचं काय होतं ते आम्ही दोघींनी नुकतंच पाहिलं होतं.

शी अडली की शूही अडते, हे आयांना सहसा सांगितलं जात नाही. गच्च भरलेलं आतडं मूत्राशयाला दाबतं. शू अपुरी होते, थोडी थोडी गळते किंवा मूल धरूनच ठेवतं. म्हणून आधी शीचा मार्ग मोकळा केला. शी मऊ करणारं लॅक्ट्युलोज दिलं, डोस कमी-जास्त करत दोन महिने. बाबूला शी करायची असली की तो पडवीच्या दाराआड जाऊन उभा राहायचा, डायपर घालून, चेहरा लाल. या वयाची बरीच मुलं असं करतात. आजी म्हणायची लाजतो. मला वाटतं त्याला तिथे कोणी वाटी घेऊन येत नव्हतं, एवढंच.

बद्धकोष्ठाला आम्ही डोळे मिटून सांगतो, पाणी भरपूर पाजा. इथे ते सांगताना जपावं लागतं. सूज असेल तेव्हा पाणी किती, हे डॉक्टर ठरवतात. सूज नसताना तहानेप्रमाणे. मिठाचंही तसंच. आजी सकाळच्या पेजेबरोबर खाऱ्या बांगड्याचा तुकडा भरवायची, कारण स्टेरॉइडने मूल सारखं ‘भूक, भूक’ करायचं आणि बांगडा असला की पेज पोटभर जायची. तो बंद करायला मला तीन भेटी लागल्या. लोणचं-पापड त्याआधी सुटले. बांगडा शेवटी सुटला, आणि तोही बहुतेक माझ्यासमोरच.

मग ठरवलं की तपासणी आणि शिकवणं या दोन गोष्टींची एकमेकींशी गाठ पडू द्यायची नाही. ठरवायला सोपं. वाटी त्या दिवसापासून घरातून बाद. आईने ती चुलीमागे टाकली, आजीने नंतर मिठासाठी घेतली. तपासणी सोमवारी आणि गुरुवारी. त्या दोन दिवशी पहाटे कुणी उठवायचं नाही. रात्री डायपरऐवजी सुती लंगोट, आत कापसाचे दोन स्वच्छ बोळे. सकाळी बोळे सुईविना सिरिंजमध्ये घालून दाबले की पट्टीपुरती शू मिळते. जेलवाल्या डायपरमधून काही निघत नाही, म्हणून लंगोट. पट्टीला एक थेंब पुरतो, उकळायला जास्त लागते. म्हणून अशा दिवसांपुरती पट्ट्यांची एक बाटली घेतली, झाकण घट्ट, स्वयंपाकघरापासून लांब कपाटात. पट्टीने काही दाखवलं तरच नळी. तपासायचं मूल अंगणात गेल्यावर. शू तासाभराने तपासली म्हणून काही बिघडत नाही. आणि निकाल मोठ्याने बोलायचा नाही. फाटली तरी नाही आणि नाही फाटली तरी नाही.

शेवटचा भाग सगळ्यात कठीण गेला. वाईट बातमी गिळणं घरच्यांना जमलं, चांगली बातमी गिळणं जमेना. आईचं म्हणणं होतं, "निल आल्यावर त्याला सांगितलं तर काय बिघडलं, मॅडम? खूश होईल." पण ज्या दिवशी निल येणार नाही त्या दिवशी त्याने काय करायचं? शाब्बास ज्याच्यावर मिळते ते आपल्या हातात आहे असंच मूल धरून चालतं. प्रथिन गळणं त्याच्या हातात नव्हतं. त्याच्या हातात होतं ते एकच, शू धरून ठेवणं. तेच तो करत होता.

आजोबांचा वेगळाच प्रश्न होता. ते गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचे, नातवाला कडेवर घेऊन. "हेची शू साफ होवंदे रे म्हाराजा," आणि जमलेले चार जण, "व्हय म्हाराजा!" मला गाऱ्हाण्याबद्दल काही म्हणायचं नव्हतं, घालावं. फक्त म्हटलं, बाबूच्या देखत नको. आजोबा नाराज झाले. मग आईने सांगितलं की बाबू घरात खेळताना प्रत्येक गोष्टीवर ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो. जेवलं की, गाडी ढकलली की, कोंबडी उडाली की. तिथून आम्हाला बक्षीस मिळालं. पॉटी ट्रेनिंगमध्ये लोक चॉकलेट देतात, वेफर्सचा पुडा देतात. स्टेरॉइडने भूक खवळलेल्या आणि मीठ कमी ठेवायच्या मुलाला यातलं काहीच नको. बाबू पॉटवर बसून उठला की आजोबांनी पडवीतून हाळी द्यायची, ‘व्हय म्हाराजा!’ बसला म्हणून. काही झालं की नाही ते विचारायचंच नाही.

पॉट त्यांच्याकडे होता. वडिलांनी आणलेला, बदकाचा, बसलं की गाणं वाजणारा. ते गाणं ऐकून बाबू पहिल्याच दिवशी दचकून उठला होता. सेल काढून टाकले. घरचा संडास मागे, न्हाणीघराला लागून, चिऱ्याच्या भिंतींचा. पावसात तिथे जायचं म्हणजे छत्री, चिखल, दिवा नसला तर बेडूक. त्या भांड्याच्या पायठेवण्या अडीच वर्षांच्या पोरासाठी इतक्या लांब लांब की मध्ये पडायची भीती त्याला वाटणं साहजिक होतं. म्हणून पावसाळाभर पॉट पडवीतच, दाराआडच्या त्याच कोपऱ्यात. पावलं पूर्ण टेकली पाहिजेत, नाहीतर जोर लागत नाही. ती टेकत होती. वेळ न्याहारीनंतर पंधरा-वीस मिनिटांनी. पोटात अन्न पडलं की आतडं हलतं. स्टेरॉइडच्या दिवसांत बाबू पेजेचे दोन वाडगे संपवायचा, त्या भुकेचा हा एकच उपयोग आम्हाला झाला. पाच मिनिटं, त्यापुढे नाही.

सोमवार-गुरुवार सोडून बाकीच्या सकाळी माडाचं आळं परत सुरू झालं. आजोबांचा हा मुद्दा मी सुरुवातीला हसण्यावारी नेला होता. पण पंधरा दिवसांत बाबूने पहिली मोकळी शू केली ती तिथेच. पावसात, आजोबांच्या छत्रीखाली, आळ्यात आधीच गुडघाभर पाणी असताना.

पॉटमधली शू मग तो स्वतः नेऊन आळ्यात ओतायला लागला. निम्मी वाटेत सांडायची. पॉट नुसत्या पाण्याने धुवायचा, फिनेल किंवा जंतुनाशकाने नाही, हे मी सांगितलं होतं. त्यांचा अंश राहिला तर पट्टी चुकीचं दाखवू शकते, आणि कधी घाईत पॉटमधलीच शू तपासावी लागली तर घोळ नको. आजीला बिनफिनेलचा पॉट पटला नाही. ती राख वापरायला लागली. मग राखही थांबवली.

चड्ड्यांचा हिशेब वेगळाच. सिंधुदुर्गात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, कपडे वाळतात ते चुलीवर बांधलेल्या दोरीवर, धुराच्या वासासकट. आईला मी आठ सुती चड्ड्या सांगितल्या, तिने बारा शिवून घेतल्या. सैल, पण इलॅस्टिकच्या. मुद्दाम. संध्याकाळी चड्डी काढताना कमरेवरचा वळ नेहमीपेक्षा खोल दिसला तर दुसऱ्या दिवशी वार न बघता तपासायचं.

सप्टेंबरात गणपती आले आणि घर चाकरमान्यांनी भरलं. मुंबईहून आलेल्या एका भावंडाला सर्दी. चौथ्या दिवशी बाबूचं नाक वाहायला लागलं, त्या दिवसापासून आईने रोज तपासणी सुरू केली, कापसाने. पहिले दोन दिवस निल. मग तीन प्लस, तीन प्लस, चार प्लस. सलग तीन दिवस तीन किंवा वर म्हणजे आजार उलटला. त्या संध्याकाळी तिचा फोन आला. सूज अजून यायची होती. मूत्र वाढवणाऱ्या औषधाची गरजच पडली नाही, स्टेरॉइड वेळेत सुरू झालं. तपासणीला मी वर इतकं बोलले आहे म्हणून हेही सांगायला हवं. तपासणी नसती तर बाबू परत ॲडमिट झाला असता.

पण फोन त्यासाठी नव्हताच. फोनवर ती रडत होती ते वेगळ्या कारणाने. दुपारी आरतीच्या गर्दीत बाबूने मखरासमोरच्या सतरंजीवर शू केली, आणि कुणीतरी काका सगळ्यांच्या देखत म्हणाले, "एवढो मोठो झालो तरी चड्डीत?" त्यानंतर पॉट नाही, माड नाही, दाराआड उभं राहणं परत सुरू.

यासाठी आम्ही ऑगस्टमध्येच एक शब्द ठरवून ठेवला होता, सुट्टी. आजार उलटला की पॉटला सुट्टी. डायपर परत घालायचा, कुणी हळहळायचं नाही, ‘सगळी मेहनत वाया’ म्हणायचं नाही. स्टेरॉइडचा मोठा डोस चालू असताना मूल तहानलेलं, चिडलेलं असतं, झोप विस्कटते. त्या दिवसांत नवं काही शिकत नाही, आणि शिकलेलं विसरत नाही, बाजूला ठेवतं. आईला हे माहीत होतं. माहीत असणं आणि घरात वीस पाहुणे असताना डायपर बांधणं यात फरक आहे. मी तिला म्हटलं, काकांना सांगा डॉक्टरीणबाईंनी दोन आठवडे चड्डीला मनाई केली आहे. तिने तसंच सांगितलं. डॉक्टरचं नाव घेतलं की घरातले वाद मिटतात, याचा उपयोग करायला मला संकोच वाटत नाही.

लघवी अकराव्या दिवशी स्वच्छ झाली. मग दिवसाआड १८ मिलिग्रॅम, चार आठवडे. सुट्टी संपवायची कधी हे आम्ही ठरवलं नाही. स्टेरॉइड दिवसाआड झाल्यावर पाचव्या-सहाव्या दिवशी बाबू स्वतःच पॉट ओढत अंगणात घेऊन गेला आणि आजोबांना हाक मारली. ते गोठ्यात होते, हाळी मिळाली नाही. तो पॉटवर बसून राहिला, मिळेपर्यंत.

पाऊस गेल्यावर, नोव्हेंबरात, पॉट पडवीतून न्हाणीघराच्या उंबऱ्यापाशी सरकला आणि डिसेंबरात आत. संडासच्या भांड्यावर आजोबांनी फळीला भोक पाडून बसकं केलं, कडा पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केल्या. दिवसाची शू जानेवारीपर्यंत नीट झाली. शीला शिमगा उजाडला. मध्ये एकदा तीन दिवस अडली तेव्हा लॅक्ट्युलोज परत दिलं. रात्रीचा लंगोट अजून आहे. पाच वर्षांपर्यंत रात्री अंथरूण ओलं होणं कुठल्याही मुलाचं चालतं, याच्यासारख्याचं तर चालतंच.

फेब्रुवारीत आजार आणखी एकदा उलटला. त्या वेळी सुट्टी आठ दिवसांची झाली. सहा महिन्यांत दुसऱ्यांदा उलटल्यामुळे त्याला बालमूत्रपिंडतज्ज्ञांकडे पाठवलं. इकडून गोव्यात बांबोळीच्या मेडिकल कॉलेजला जाणं कोल्हापूर-मुंबईपेक्षा सोयीचं. पुढचं औषध कोणतं हे तिथे ठरलं, ते या लेखाचं काम नाही. वाटेत गाडीत आईने रुंद तोंडाची प्लास्टिकची बाटली ठेवली होती. बाबूने ती वापरली नाही, सावंतवाडीच्या पुढे रस्त्याकडेचा एक माड त्याला पसंत पडला.

मार्चमधल्या भेटीला माझ्याकडे लघवी द्यायची होती. मदतनीसाने छोटी बाटली पुढे केली. आई माझ्याकडे बघायला लागली, मी आईकडे. बाबू बाटली घेऊन आत गेला, अर्धी भरून आणली, टेबलावर ठेवली आणि विचारलं, "उरलेली खंय घालू?" दवाखान्यात माड नाही. दारात क्रोटनची कुंडी आहे, ती दाखवली.

घरातला तो शब्द मात्र गेलेला नाही. मागच्या आठवड्यात आईने फोनवर सांगितलं की चहाला ठेवलेलं दूध नासलं तेव्हा बाबू भांड्यात डोकावून म्हणाला, "फाटला!" आणि हसला. ती त्या हसण्याबद्दल सांगत होती. मी विचारलं, डोळ्यांवर सूज नाही ना? नव्हती. निल होतं.

जूनपासून तो अंगणवाडीत जाणार आहे. सेविकाबाईंसाठी मी एक चिठ्ठी लिहून दिली आहे: शू लागली म्हणाला की लगेच सोडा, थांबवू नका, चड्डी ओली झाली तर पिशवीत दुसरी आहे, काही बोलू नका, एखाद्या आठवड्यात डायपर घालून आला तर कारण विचारू नका, त्याची सुट्टी चालू आहे. सेविकाबाईंनी चिठ्ठी वाचून आईला एकच प्रश्न विचारला, सुट्टी असताना हा शाळेत कसा येणार? आई त्यांना समजावून सांगते आहे.